सहाशे ऐंशी

उद्यमबागेत आज लाइट नाही.
लेथ गप्प, ग्राइंडर गप्प,
आणि हलगेकरांच्या शेडसमोर, लोखंडी किसाच्या ढिगाशेजारी,
एक गाजरी रंगाची मस्टँग,
बॉनेट फुगलेलं,
लग्नात मान न मिळालेल्या मामासारखं.

"सहाशे ऐंशी," ओंकार मुचंडीकर म्हणाला.
"काय सहाशे ऐंशी?"
"घोडे."
बसलिंगनं तंबाखू एका गालातून दुसऱ्यात नेली :
"कुदुरी? मेवु एष्ट बेको तम्मा?"
मेवु म्हणजे वैरण. ओंकार म्हणाला, लिटरला तीन किलोमीटर,
आणि मग हळूच,
"उतारावर चार."

इनासचं म्हणणं, टर्बो पाहिजे होता.
टर्बो धुराड्याच्या फुकट वाफेवर फिरतो,
हा तुमचा सुपरचार्जर पट्ट्यावर,
इंजिनचंच खातो.
मोदीन उसळला. गाडी त्यानं बांधलेली,
कॅमशाफ्ट त्याचा, लॅपटॉप त्याचा,
तीन महिने बायकोनं बोलणं टाकलेलं.
"खातो नि व्याजासकट परत देतो, मर्दा.
टर्बो विचार करत बसतोय.
हे, पाय ठेवला की निघालं."
"निघालं तर कुठं जातंय?" परशराम म्हणाला,
अठ्ठावीस वर्षं पणजीची रातराणी चालवून रिटायर.
"चोर्ल्यात मी एकशे दहा घोड्यांवर
साठ माणसं चढवलीत,
वर कोंबड्या, वर काजूची पोती.
ह्यात किती बसतात?"
"चार."
"चार?"
"मागच्या दोघांना पाय नसले तर."

भांडण मराठीत सुरू झालं, कानडीत तापलं,
परत मराठीत आलं ते शिव्या तिकडच्याच घेऊन.
टॉर्कला दोन्हीकडं टॉर्कच म्हणतात
म्हणून तेवढा शब्द सारखा मध्ये पडायचा,
सोडवायला आलेल्या शेजाऱ्यासारखा.

मी काही बोललो नाही.
पुली मी काढलेली.
मंगळवारी, रात्री साडेदहाला, ह्याच लेथवर,
तीन मिलीमीटरनं बारीक.
तीन मिलीमीटर म्हणजे नव्वद घोडे, मोदीन तेव्हा म्हणाला होता,
आणि मी कूलंट पुसत विचारलं होतं
कुठल्या बाजूचे.
आता त्या नव्वदांबद्दल सगळे बोलत होते,
तीन मिलीमीटरबद्दल कुणीच नाही.

मग तवनाप्पा आला.
चाळीस वर्षं भट्टीपाशी, दोन्ही कानांत आता फक्त भट्टी.
ओंकारनं उत्साहानं स्टार्टर दिला.
टूलबॉक्सवरचा चहाचा ग्लास
आपला आपण काठापर्यंत चालत गेला.
पत्र्यावरची कबुतरं उठली ती मच्छेकडं गेली.
तवनाप्पानं बॉनेट उघडायला लावलं,
वाकून बघितलं बराच वेळ,
गाडी बंद झाल्यावर ब्लॉकला नखानं टिचकी मारली,
पुन्हा एकदा मारली.
"बीड न्हवं हे."
"अल्युमिनम, अज्जा. हलकं असतंय—"
पण तो बिडी पेटवायला शेडमागं गेलेला.

त्यानंतर जरा वेळ कुणाला काही सुचेना.
परशराम टायरवर लाथ मारून बघायला निघाला,
किंमत आठवून थांबला.

चार वाजता लाइट आली.
माणसं आली तशी विरघळली,
इनास जाताना म्हणाला पट्टा घसरेल, लिहून घे,
मोदीननं लिहून घेतलं नाही.
गटारावरच्या उंचवट्यावरून गाडी
तिरकी करत, फळ्या टाकत, पोट सांभाळत
सात मिनिटांत काढली,
बसलिंग पुढं उभा, दोन्ही हात हलवत,
म्हैस गोठ्यात घेतात तसा.

मी हायड्रॉलिकचा बुश चढवला, चक आवळला.
बाहेर खानापूर रोडला ओंकारनं पाय दिला असावा,
कारण आवाजाच्या वर, गडगडाटाच्या वर,
एक बारीक शीळ उठली.
ती इंजिनची नाही.
ती माझी.
दुसरा गिअर. तिसरा.
मशीन सुरू करायचं राहिलं.

मग फाटक पडलं असणार.
शीळ खाली आली, खाली आली,
आणि मालगाडी लांबच लांब
जात राहिली.